लाँचची वाट नंतर बघ, आधी सर्व्हिस सेंटर गाठ

प्रश्न : काका, नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातला, वय २३, आयटीआय फिटर. वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे, बजाजनगरात रूम करून राहतो. माझा फोन चार वर्षांचा झाला. दोन महिन्यांपूर्वी स्क्रीनवर वरून खाली एक हिरवी रेघ आली, आता शेजारी दुसरी आली. टच चालतो. बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी टिकते. साठवून साठवून २१ हजार जमवलेत. एक रूमपार्टनर म्हणतो, 'सप्टेंबरात नवीन मॉडेल येतंय, आत्ता घेतलास तर दोन महिन्यांत जुना होईल.' दुसरा म्हणतो, 'मॉडेलचं सोड, दसऱ्याच्या सेलला घे.' पैठण गेटचा दुकानदार म्हणतो, 'आजच फायनान्सवर उचल, भाव वाढायलेत.' गावाकडं बाबा बटणाचा फोन वापरतात. त्यांचा निरोप आहे की नवा घेतलास की जुना मला दे, पिकाची सरकारी नोंद मोबाइलवर करायची असते, त्या पीकपाहणीला दरवर्षी दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. थांबू का घेऊ? माझी सगळी जमा एवढीच आहे, पुन्हा एवढे जमायला लई दिवस लागतील. नाव छापू नका, पोरं चिडवतील.

उत्तर : लेकरा, तुला तिघांनी तीन सल्ले दिले, पण तिघांपैकी एकानंही तुझा फोन हातात घेऊन पाहिलेला दिसत नाही. तू 'हिरवी रेघ' एवढंच लिहून पुढं गेलास, माझी नजर मात्र तिथंच अडकली. मोबाइलच्या काउंटरमागं काही वर्षं काढलेल्या कुणाचीही अडकली असती.

ही रेघ म्हणजे ॲमोलेड स्क्रीनचा, म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो त्या स्क्रीनचा, जुना आजार. स्क्रीनच्या कडेला कागदासारखी पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिच्यातून प्रत्येक ओळीला सिग्नल जातो. बहुतेक वेळा तो जोड कच्चा पडतो आणि ती ओळ कायमची पेटून राहते. अपडेट टाकला आणि रेघ आली अशी तक्रार घेऊन पुष्कळ लोक येतात. अपडेटच्या वेळी फोन चांगलाच तापतो, त्यामुळे आधीच सैल असलेला जोड त्या दिवशी सुटला तर नवल नाही. फोन बंद-चालू करून, रीसेट मारून ती जात नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नको.

आता कामाची गोष्ट. या रेघेची बोंब इतकी झाली की काही कंपन्यांना पदरचे पैसे घालावे लागले. वनप्लसनं जुलै २०२४ मध्ये भारतातल्या आपल्या फोनांना हिरव्या रेघेसाठी आयुष्यभराची स्क्रीन वॉरंटी जाहीर केली. सॅमसंगनं त्याच वर्षी काही ठरावीक महागड्या मॉडेलांची स्क्रीन एकदा फुकट बदलून देण्याची सोय केली. तुझा फोन कोणत्या कंपनीचा आहे हे तू लिहिलंच नाहीस! म्हणून नव्या फोनाचा विचार करण्याआधी एक काम कर. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात एका सकाळी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि काउंटरवर सरळ विचार, 'या मॉडेलच्या ग्रीन लाइनला फुकट स्क्रीन आहे का?' स्वतःहून सांगणारे थोडे, विचारल्यावर कॉम्प्युटरवर बघणारे बरेच. काच तडकलेली नसावी, फोनात पाणी गेलेलं नसावं आणि त्याआधी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडलेला नसावा, या तीन गोष्टी तिथं पाहतात. जाण्यापूर्वी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घे, कारण फोन तिथं ठेवून यावा लागेल.

स्क्रीन फुकट निघाली तर तुझा सगळा प्रश्नच बदलतो. मग त्याच वेळी पदरचे हजार-दोन हजार घालून बॅटरी बदलून घे. तो फोन आणखी वर्षभर निवांत चालेल. तुला हवा तेवढा काळ थांबता येईल, सप्टेंबर काय नि दिवाळी काय. आणि विकत मिळणार असेल तर ते कोटेशन घडी घालून खिशात ठेव आणि परत ये. चार वर्षांच्या मधल्या दर्जाच्या फोनाला ॲमोलेड स्क्रीन टाकायची म्हणजे फोनाच्या आजच्या किमतीहून जास्त पैसे जायचे. गल्लीत स्वस्तात मिळणारी कॉपी स्क्रीन टाकू नको. तिचा रंग फिका, उजेड कमी, आणि उन्हात पीकपाहणीचा फोटो काढायची वेळ आली की काही दिसत नाही.

आता तुझ्या मित्राच्या लाँचकडं येऊ.

'थांबलं की स्वस्त मिळतं' ही समजूत आयफोनमुळं पसरली आहे आणि आयफोनपुरती ती बऱ्यापैकी खरी आहे. ॲपलचा नवा फोन सप्टेंबरात येतो आणि त्याच रात्री भारतात आदल्या वर्षीच्या फोनाची किंमत दहा हजारांनी उतरते. २०२३ साली आयफोन १५ आला ७९,९०० ला, १४ झाला ६९,९०० चा. २०२४ साली १६ आला ७९,९०० ला, १५ झाला ६९,९०० चा. २०२५ मध्ये १७ ची सुरुवात ८२,९०० वर गेली, पण त्यात साठवणूक दुप्पट दिली, आणि १६ पुन्हा ६९,९०० वर आला. इतकं ठरलेलं वेळापत्रक असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आयफोन घेणाऱ्याला मीसुद्धा हात धरून मागं ओढीन. सॅमसंगच्या एस मालिकेचंही जानेवारी-फेब्रुवारीत असंच असतं. लक्षात घे, इथंही थांबण्याचा फायदा नवा फोन घेणाऱ्याला होत नाही, जुना घेणाऱ्याला होतो.

पण तुझ्या २१ हजारांच्या बाजारात असं वेळापत्रकच नाही. तिथं फोन वर्षभर पडत राहतात. रियलमीचीच मालिका घे. १३ प्रो जुलै २०२४ च्या शेवटी आला, १४ प्रो जानेवारी २०२५ ला, १५ पुन्हा जुलै २०२५ ला. सहा महिन्यांत आकडा पुढं. रेडमी नोट १३ जानेवारी २०२४ ला आला आणि ते वर्ष सरायच्या आत, डिसेंबरात, नोट १४ हजर. सप्टेंबरला थांबशील तर सप्टेंबरात कुणीतरी सांगेल की डिसेंबरात त्याहून भारी येतोय, आणि तो खरंच येईल. शिवाय जुन्याची किंमत इथं दहा हजारांनी कोसळत नाही. हजार-दीड हजार उतरते, मग माल संपतो आणि ते मॉडेल दुकानातून गायब होतं. तू ज्याच्यासाठी थांबलास तो फोन तोवर मिळायचा बंद झालेला असतो.

नव्यात नवं किती असतं तेही ऐक. मीडियाटेकची डायमेन्सिटी ८१० ही चिप २०२१ ची. तिलाच २०२३ मध्ये ६०८० असा नवा आकडा चिकटवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये रेडमी नोट १३ ५जी हा 'नवा' फोन आला तो तीच ६०८० पोटात घेऊन. डायमेन्सिटी ७०० ची अशीच ६०२० झाली. फोन वाईट होता असं मी म्हणत नाही. पण लाँचच्या दिवशी स्टेजवर नाचणारा आकडा बघून आपण आपले दोन महिने वाया घालवायचे का, एवढंच विचारतो. या दर्जात एका पिढीतून दुसऱ्या पिढीत मागचा कॅमेऱ्याचा कप्पा चौकोनाचा गोल होतो, बॅटरी थोडी वाढते, चार्जर जरा वेगवान होतो. ज्याच्या हातात चार वर्षांचा फोन आहे त्याला यातला कोणताही फोन, आजचा काय नि सप्टेंबरचा काय, सारखाच नवा वाटणार.

लाँचच्या किमतीचीही एक खोड आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात जो आकडा असतो त्यातून बऱ्याचदा ठरावीक बँकेच्या कार्डाची सूट आधीच वजा केलेली असते. ते कार्ड तुझ्याकडं नसेल तर तुझी किंमत वेगळी. पहिल्या सेलला माल थोडा, आणि तोही पुष्कळदा फक्त ऑनलाइन. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास बाजारात यायला पंधरा दिवस, महिना. जिंतूरला तर आणखी उशिरा. नव्या सॉफ्टवेअरमधले किडे पहिल्या दोन-तीन अपडेटांत निघतात, तोवर ते किडे ज्यांनी आधी घेतला त्यांच्या नशिबी.

तुझा दुकानदार 'भाव वाढायलेत' म्हणतो, ते मात्र सपशेल थाप म्हणून उडवून लावू नको. २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत. एआयसाठी जी प्रचंड डेटा सेंटरं उभी राहतायत, त्यांना मेमरी लागते ढिगानं. जगात मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी जास्त नफ्याच्या त्या मालाकडं तोंड वळवलं आणि फोनांत जाणारी मेमरी महागली. काही फोन कंपन्यांनी भारतात चालू मॉडेलांचेही भाव वाढवले. महागड्या फोनाला हा बोजा झेपतो, पण १०-२० हजारांच्या फोनात मेमरीचा वाटा मोठा असल्यानं चटका तिथंच जास्त बसतो. म्हणजे 'थांबलं की स्वस्त' हा जुना हिशेब तुझ्या गटात सध्या उलटाही पडू शकतो. सप्टेंबरचं नवं मॉडेल आजच्याइतक्याच पैशांत येईल, पण आठऐवजी सहा जीबी रॅम घेऊन, असंही होऊ शकतं. नुसतं मॉडेलचं नाव बघून तुलना केलीस तर फसशील.

तुझ्या घरी सोयाबीन असणार, तेव्हा ही वाट पाहणं काय असतं हे तुला सांगायला नको. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीननं क्विंटलला दहा हजारांचा भाव दाखवला. त्यानंतर किती घरांत पोती थप्पीला लागून राहिली की यंदाही तसाच चढेल. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना लोकांनी त्याच्याही खाली माल दिला. फोनाचं त्यापेक्षा एका बाबतीत बरं आहे. जुना फोन चालत असेल तर थांबायला फुकट आहे, व्याज चढत नाही. पण ज्या भावाची वाट पाहायची तो आधी मनाशी पक्का पाहिजे, नाहीतर थांबणं कुठं संपवायचं तेच कळत नाही.

सरकार काही स्वस्त करील म्हणूनही बसू नको. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा पुष्कळ लोक मोबाइल घ्यायचा थांबवून बसले होते. मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. मोबाइल आधीही १८ टक्क्यांत होता आणि नंतरही १८ टक्क्यांतच राहिला.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या रूमपार्टनरचं बोलणं मला त्यातल्या त्यात पटतं. थांबायचंच तर सेलला थांब. फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉनचे मोठे सेल नवरात्राच्या आसपास सुरू होतात. २०२४ मध्ये २७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २३ सप्टेंबरला सुरू झाले. पण थांबायचं ते नुसतं बसून नव्हे. सध्या दुकानात मिळणारे, गेल्या सहा-आठ महिन्यांत आलेले दोन फोन आजच निवड. दुकानात जाऊन हातात घे, वजन बघ, स्पीकर ऐक. त्यांची आजची खरी किंमत वहीत लिहून ठेव. सेलच्या पानावर खोडलेली जी मोठी किंमत असते तिच्याकडं बघायचं नाही, तुझ्या वहीतल्या किमतीकडं बघायचं. तिच्यापेक्षा हजार-दोन हजारांनी खाली मिळाला तर घे. तेवढाच मिळत असेल तर सेलच्या गर्दीत शिरण्यापेक्षा पैठण गेटला जाऊन घासाघीस कर, वर कव्हर आणि ग्लास फुकट पदरात पाड. आणि एक्स्चेंजच्या आशेवर राहू नको. दोन रेघा असलेल्या फोनाला डिलिव्हरीवाला दारात उभा राहून नाही म्हणेल, किंवा पाचशे-सातशे देईल.

या सगळ्याला एक अट आहे. रेघा दोनच्या चार झाल्या, स्क्रीन लुकलुकायला लागली किंवा टच एखाद्या पट्ट्यात मेला, तर सेल-बिल विसर आणि त्याच आठवड्यात घे. स्क्रीन पूर्ण काळी झाल्यावर तुझे फोटो, बँकेचं ॲप, यूपीआय सगळं आत अडकतं आणि ते बाहेर काढायला दुप्पट धावपळ होते. बॅकअप घ्यायला मी वर सांगितलं ते त्यासाठीही होतं.

फोन निवडताना दोन गोष्टी लाँचच्या तारखेपेक्षा जास्त बघ. पहिली, अपडेट किती वर्षं. ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तू घेतलास त्या दिवसापासून नव्हे. म्हणून दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल दोन हजारांनी स्वस्त मिळालं की हुरळून जाऊ नको, त्याची दोन वर्षं आधीच सरलेली असतात. स्वस्त फोनांना पूर्वी दोन-तीन वर्षांवर काही मिळत नसे. आता चित्र जरा सुधारलंय, सॅमसंगनं ऑक्टोबर २०२४ च्या ए१६ ५जी सारख्या फोनालाही सहा वर्षांचा शब्द दिला. तू फोन चार-चार वर्षं वापरणारा दिसतोस, पगार आणि यूपीआय त्याच फोनात, तर सुरक्षेचे अपडेट किमान चार वर्षं मिळणाराच घे.

दुसरी गोष्ट नेटवर्क. वाळूजला काय, कुठलाही फोन चालेल. प्रश्न तुझ्या गावाकडचा आहे. जिओनं ५जी सुरुवातीपासून वेगळं, स्वतंत्र उभं केलं, त्याला स्टँडअलोन म्हणतात, आणि त्यासाठी २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला. हा पट्टा लांबवर आणि भिंतीच्या आतपर्यंत पोचतो. फोनाच्या माहितीत त्याचा उल्लेख एन२८ असा असतो, तो आहे का पाहा. एअरटेलनं ५जी आणलं ते ४जीच्या खांद्यावर बसवून. हा फरक किती महागात पडतो बघ : नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला रेडमी ए४ ५जी फक्त स्टँडअलोन धरत होता, त्यामुळे एअरटेलचं तेव्हाचं ५जी त्यावर चालत नव्हतं. डब्यावर ५जी लिहिलेलंच होतं की! पुढच्या वेळी गावी गेलास की घरात आणि शेतात कोणाच्या सिमला किती काड्या येतात ते बघून घे आणि त्यावरून फोन ठरव.

फायनान्सचं थोडक्यात सांगतो. तू ठेकेदाराकडं आहेस. तुला मध्येच ब्रेक मिळू शकतो, हप्त्याला ब्रेक मिळत नाही. 'शून्य टक्के व्याज' म्हणणाऱ्याला सांग की असलं काही नसतं, असं रिझर्व्ह बँकेनंच २०१३ मध्ये बजावलंय. व्याज कुठंतरी असतंच. कधी ते किमतीतल्या सुटीत दडवलेलं असतं, कधी प्रोसेसिंग फीमध्ये. 'नो कॉस्ट'मध्ये विकणारा किंवा फोन कंपनी व्याजाएवढी सूट आधी देते, मग बँक व्याज लावते, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुझ्या माथी येतो. हजार रुपये व्याज असेल तर १८० रुपये. रक्कम मोठी नाही, पण २१ हजार रोख खिशात असणाऱ्यानं ती कामून द्यावी?

आणि आता बाबांचा निरोप. खरं म्हणजे तुझ्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हाच.

दोन रेघांचा, अर्ध्या दिवसाच्या बॅटरीचा फोन बाबांना देऊ नको. फुकट स्क्रीन मिळाली आणि बॅटरी बदलली तर जरूर दे, तो चांगला फोन होईल. नाहीतर तुझ्याकडं निदान दुरुस्तीचं दुकान जवळ आहे, बाबांना त्यासाठी एसटी धरून जिंतूर गाठावं लागेल. खरीपाची ई-पीक पाहणी शेतकऱ्याला साधारण १ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत करायची असते. मुदत कधी कधी वाढते, पण वाढेलच म्हणून बसता येत नाही. म्हणजे सेलच्या आधीच ती वेळ येऊन जाते. शेतात उभं राहून, लोकेशन चालू ठेवून, पिकाचा फोटो काढावा लागतो. त्याच वेळी फोन बंद पडला तर त्यांना पुन्हा दुसऱ्याच्याच दारात जावं लागणार. यंदापुरता मार्ग सोपा आहे : पोळ्याला गावी जाशील तेव्हा तुझ्याच फोनावर त्यांचा पेरा नोंदव. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे चुलत्यांचीही करून टाक. पॉवर बँक सोबत ने.

त्यानंतर मी तुझ्या जागी असतो तर २१ हजारांचे दोन भाग केले असते. तेरा-साडेतेरा हजारांत तुला पुरेल असा ५जी फोन, आणि सात-आठ हजारांत बाबांना साधा नवा ४जी. २१ हजारांच्या आणि १३ हजारांच्या फोनात फरक असतो, नाही असं नाही. कॅमेरा रात्री चांगला येतो, स्क्रीन ॲमोलेड असते, गेम अडखळत नाही. पण तू पत्रात कॅमेऱ्याचं नाव काढलं नाहीस, गेमचंही नाही. आणि १३ हजारांच्या फोनात बहुतेक एलसीडी स्क्रीन येईल, जिला ही हिरव्या रेघेची पीडा नाही. बाबांना चेहरा दाखवून पीएम किसानची ई-केवायसी करता येईल, पीकपाहणी स्वतःची स्वतः करता येईल, संध्याकाळी तुझ्याशी व्हिडिओवर बोलता येईल. रॅम चार जीबीच्या खाली घेऊ नको, अँड्रॉइडची गो ही कमी ताकदीच्या फोनांसाठीची हलकी आवृत्तीही नको, दोन्ही वर्षभरात रांगायला लागतात. हे पटलं नाही आणि तुला एकच चांगला फोन घ्यायचा असेल तर तोही तुझा हक्क आहे, कमाई तुझी आहे. फक्त मग रेघांचा फोन बाबांच्या गळ्यात मारून 'दिला' असं म्हणू नको.

उन्हाचंही सांगून ठेवतो, कारण दोन्ही फोन आपल्याच हवेत राहणार. ३५ अंशांच्या वर बॅटरीची ताकद कायमची घटू शकते असं ॲपल स्वतःच्या फोनाबद्दल सांगतं, आणि लिथियमची बॅटरी सगळ्यांची सारखीच. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. मोटारसायकलच्या हँडलला लावून जिंतूरपर्यंत उन्हात नेणं, पत्र्याखाली कव्हरासकट चार्जिंगला लावून झोपणं, गाडीच्या काचेमागं ठेवणं, यांनी बॅटरी मरते. तुझी चार वर्षांत दुपारवर आली त्यात याचा वाटा असणार.

घ्यायच्या दिवशी एवढं बघ. सील आपल्यासमोर फोडायला लाव. 'ॲक्टिव्हेटेड पीस आहे, हजार कमी देतो' म्हणाला तर नको म्हण, तो फोन आधीच चालू केलेला असतो, म्हणजे त्याची वॉरंटीही तेव्हापासूनच सुरू झालेली असते. डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलंस की आयएमईआय, म्हणजे फोनाचा ओळख क्रमांक, दिसेल. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो आकडा, असा मेसेज १४४२२ वर पाठवलास की तो फोन कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, काळ्या यादीत आहे का, हे उत्तर येतं. बिल पक्कं, जीएसटीचं, तुझ्या नावाचं घे. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करताना ते कामी येतं. आणि रोख देणार असशील तर काउंटरवर बसलेल्या फायनान्सवाल्या पोराला आधार कार्डाची झेरॉक्स देऊ नको, 'फक्त ऑफर बघतो' म्हणाला तरी.